बालवाडीचे अखेरचे दोन महिने

शिमग्याच्या पालख्या घरोघर फिरून देवळात परतल्या, की आमच्या बालवाडीचे वर्ष अखेरीकडे झुकते. चाकरमानी मुंबईला परतलेले असतात, बागांमध्ये आंब्याची काढणी सुरू झालेली असते आणि दहा वाजायच्या आतच उकाडा इतका वाढतो, की वर्ग भरवण्याची वेळ अलीकडे ओढावी लागते. याच दिवसांत दाराशी उभ्या राहणाऱ्या पालकांचे प्रश्नही बदलतात. जूनमध्ये ‘रडला नाही ना?’, ‘डबा संपवते का?’ असे विचारणाऱ्या आया आता ‘बाई, शंभरपर्यंत आकडे झाले का?’, ‘पहिलीत जमेल ना याला?’ असे विचारू लागतात. त्यांची काळजी खरी असते आणि ती झटकून टाकण्यासारखी मुळीच नसते. परंतु तिचे उत्तर आकड्यांच्या पाठांतरात शोधू लागलो, तर वर्षभरात मुलामध्ये जे घडले तेच नेमके नजरेआड होते. मार्च-एप्रिल हे महिने उरलेसुरले घाईघाईने भरून काढण्यासाठी नाहीत. मुलाला काय काय येऊ लागले आहे, हे त्याला स्वतःला आणि त्याच्या घरच्यांना दिसेल अशा रीतीने मांडून ठेवण्यासाठी ते वापरावेत, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी आमच्याकडे सर्वांत उपयोगी पडते ती चित्रांची पिशवी. जूनपासूनची प्रत्येक मुलाची काही निवडक चित्रे आम्ही मागे तारीख घालून जपून ठेवतो आणि मार्चअखेरीस ती मुलासमोर ओळीने मांडतो. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाने काढलेला माणूस म्हणजे बहुधा एक गोल आणि त्या गोलातूनच खाली आलेल्या दोन रेघा असतात. धड नसतेच, हातही कधी कधी डोक्यातूनच फुटलेले असतात. जगभरची मुले माणूस काढायला लागतात ती अशीच. वर्षभरात त्या गोलाखाली पोट येते, पोटावर गुंड्या येतात, हाताला बोटे फुटतात आणि एखाद्या दिवशी मूल बोटे मोजून पाचच काढते. पेन्सिल मुठीत आवळून धरणारा हात तोवर तीन बोटांच्या चिमटीवर आलेला असतो. हा बदल शब्दांत सांगून पालकांना पटत नाही. दोन कागद शेजारी ठेवले की सांगण्याची गरजच उरत नाही.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील मासेमारीच्या नौकेवर खलाशी आहेत. तिची पावसाळ्यातली होडी म्हणजे एक वाकडी रेघ आणि वर एक काठी एवढीच होती. मार्चमधल्या चित्रात होडीला झेंडा आहे, मागे इंजिनाचा धूर आहे, पाण्याची रेघ ओलांडून खाली गेलेले जाळे आहे, जाळ्यात मासे आहेत आणि जाळ्याबाहेर राहिलेला एक मोठा मासाही आहे. होडीतल्या बाबांचा एक हात मात्र त्यांच्या अंगापेक्षा लांब आहे. तो एवढा मोठा का, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘जाळा वढूक लागता मा, बाई.’ हे वाक्य मी तिच्या देखत, तिने उच्चारले तसेच्या तसे चित्राखाली लिहिले आणि त्यावर बोट फिरवत वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी तिने आईला त्याच ओळीवर बोट फिरवून तेच वाक्य ‘वाचून’ दाखवले. त्यातले एकही अक्षर तिला अजून ओळखता येत नाही. तरीही आपण बोललेले कागदावर उतरते, तिथे टिकते आणि दुसऱ्याला ते वाचता येते, हे तिला कळले आहे. वाचनाची सुरुवात मी तिथून धरते.

अक्षरांच्या बाबतीत पालकांचा आग्रह मोठा असतो. शेजारच्या मुलाची बाराखडी पाठ झाली, मग आमच्या मुलाची का नाही, हा प्रश्न दरवर्षी येतो. मराठीत लेखनाची सुरुवात ‘ग म भ न’पासून करण्याची रीत जुनी आहे आणि तिच्यामागे विचार आहे. ही अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने येत नाहीत. ती वळणाने एकमेकांच्या जवळची आहेत आणि उभी रेघ, आडवी रेघ व छोटे वळण एवढ्यावर हात बसला की ती काढता येतात. म्हणून आमच्याकडे वर्षभर वाळूत, पाटीवर, ओल्या कोब्यावर बोटाने नुसत्या रेघांचेच काम अधिक चालते. वर्षाअखेर बहुतेक मोठ्या मुलांना आपले नाव ओळखता येते, काहींना ते लिहिताही येते. जे लिहीत नाहीत त्यांना मी एप्रिलमध्ये वहीला जुंपत नाही. मनगटातली ताकद आणि नजरेची पकड आली नसताना गिरवायला लावलेले मूल अक्षर शिकण्याऐवजी लिहिण्याचा कंटाळा तेवढा शिकते.

गणिताला मात्र हा हंगामच धावून येतो. मार्चमध्ये घरोघरी काजूच्या बिया जमू लागतात आणि त्यांच्याइतके चांगले साहित्य दुकानात मिळत नाही. बिया चांगल्या वाळवलेल्याच घ्याव्या लागतात आणि फुटकी बी आधी वेचून बाजूला काढावी लागते, कारण टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. मुले बी दाताने फोडणार नाहीत याकडेही डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. एवढे सांभाळले, की पुढचे सारे बिया शिकवतात. पन्नासपर्यंत घडाघडा आकडे म्हणणाऱ्या मुलासमोर दहा बिया ठेवल्या, तर पुष्कळदा तोंड पुढे पळते आणि बोट मागे राहते. एखादी बी दोनदा मोजली जाते, एखादी सुटते. एका बीला एकच आकडा, आणि शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे सगळ्या बिया मिळून किती, या दोन गोष्टी कळल्याशिवाय पाठ केलेल्या शंभराला अर्थ नाही. म्हणून मी आईलाच शेजारी बसवते आणि मुलाला सांगते, ‘आईला सात बिया दे.’ ज्याने न चुकता सात उचलून दिल्या, त्याची संख्येची समज पन्नास म्हणून थांबलेल्या मुलाच्या पुढची आहे.

आणखी एक खेळ मी मुद्दाम पालकांसमोर करते. सहा-सहा बियांच्या दोन ओळी समोरासमोर मांडते. दोन्हींत सारख्याच आहेत, असे मूल स्वतः सांगते. मग त्याच्या देखत एका ओळीतल्या बिया लांब लांब पसरवते आणि विचारते, ‘आता जास्त कुठे?’ चार-पाच वर्षांची बहुतेक मुले पसरलेल्या ओळीकडे बोट दाखवतात. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या विचाराची ही रीत तपशिलाने मांडली आणि साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास ती आपोआप बदलत जाते, हेही दाखवले. पालकांपैकी कुणीतरी चटकन ‘अरे, नीट बघ’ म्हणून मुलाला दटावते, तेव्हा मला थांबवावे लागते. मूल चुकत नसते. जागा व्यापली म्हणजे वाढले, असा त्याचा आजचा हिशेब असतो. दटावून त्याने ‘सारख्या’ म्हटले तरी ते आपल्याला बरे वाटावे म्हणून म्हणेल. त्यापेक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीत बिया, कोकमे, तिसऱ्यांचे शिंपले वाटून घेण्याचे, मांडण्याचे, पुन्हा एकत्र करण्याचे खेळ भरपूर खेळू द्यावेत.

समुद्राकाठच्या बालवाडीने शिंपल्यांनी शिकवावे, हा विचार माझा नाही. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी 1945 साली कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा माँटेसरी पद्धतीतली महागडी साधने गावातल्या शाळेला परवडणारी नव्हती. त्यांनी परिसरातल्या बिया, शिंपले, पाने, माती यांचीच साधने केली. वाड्यापाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना तिथली. पुढे 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळाही चालल्या. मूल जिथे असेल तिथून शिक्षण सुरू करायचे, हा त्यांचा आग्रह मला वर्षाअखेरीस विशेष आठवतो, कारण मूल ‘कुठे असायला हवे होते’ याचीच चर्चा त्या दिवसांत सगळीकडे चाललेली असते.

स्नेहसंमेलनाविषयी थोडक्यात लिहिते. भाड्याचे झगमगीत कपडे, मोठ्या आवाजातली ध्वनिमुद्रित गाणी आणि रात्री उशिरा रंगमंचावर गांगरून उभी राहिलेली चार वर्षांची मुले, हे मला मान्य नाही. त्याऐवजी आम्ही सकाळी अंगणात मुलांचा बाजार भरवतो. कागद कापून, रंगवून केलेले बांगडे, पापलेट आणि कोळंबी, मातीची वांगी, खरी कच्ची कैरी, माडाच्या पातींची भिरभिरी आणि पिपाण्या, असा माल मुले आठवडाभर तयार करतात. वाटे कसे लावायचे यावर त्यांचे जोरदार वाद होतात. पालक गिऱ्हाईक म्हणून येतात आणि घासाघीस करतात. मुले पुठ्ठ्याची नाणी मोजून घेतात. बोलणे, ऐकणे, मोजणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, नाही म्हणणे, हे सगळे त्या तासाभरात पालकांना समोर दिसते आणि कुणालाही पाठांतर करावे लागत नाही. वर्गात एरवी अवाक्षर न बोलणारा एक मुलगा यंदा कोळंबीच्या वाट्यासमोर उकिडवा बसून आजीच्या थाटात भाव करत होता. त्याची आजी खरोखरच बाजारात बसते. त्याच्याजवळ भाषा नव्हती असे नाही. ती बाहेर यायला त्याच्या ओळखीची जागा हवी होती.

बागांमध्ये राखणीला आणि नौकांवर कामाला नेपाळहून आलेली कुटुंबे आमच्या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. त्यांची मुले दिवाळीनंतर केव्हातरी दाखल होतात आणि आंब्याचा हंगाम सरला की जातात. त्यांच्या वर्षाची अखेर आमच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही, म्हणून त्यांची पिशवी आम्ही आधीच भरून तयार ठेवतो आणि निघताना आईच्या हातात देतो. पुढच्या गावातल्या शिक्षिकेला निदान कळावे, की हे मूल मराठी गाणी म्हणते, पाचपर्यंत वस्तू मोजते आणि त्याला मोठ्या आवाजाची भीती वाटते.

एप्रिलमध्ये मोठ्या गटाला घेऊन आम्ही शेजारच्या प्राथमिक शाळेत जातो. पहिलीच्या वर्गात बसणे, घंटा ऐकणे, नळ आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहणे, शाळेत शिजणारी खिचडी एकदा तिथल्या मुलांबरोबर खाणे, एवढाच कार्यक्रम असतो. मुलांच्या मनातली भीती बहुतेक वेळा अभ्यासाची नसते. लघवीला जायचे असेल तर कुणाला सांगायचे, याची असते. आता जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात आणि तिथे आयांनाही घरी करायचे खेळ समजावून दिले जातात, हे फार चांगले झाले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर तीन ते आठ या वयाचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. म्हणजे बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी हा सलग प्रवास आहे. पहिलीत पाऊल टाकण्याआधी सगळे यायलाच हवे, ही धास्ती त्यामुळे तरी कमी व्हावी. प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेण्यास 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे, हेही मी पालकसभेत आवर्जून सांगते.

शेवटच्या आठवड्यात प्रगतिपत्रके लिहिण्याचे काम असते. त्यात मी गुण किंवा श्रेणी देत नाही. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहिते. ‘हुशार आहे’, ‘लक्ष देत नाही’ अशी वाक्ये टाळते, कारण त्यांतून मूल दिसत नाही. ‘कात्रीने सरळ रेघेवर कापतो, वळणावर अडतो’, ‘गोष्ट ऐकताना पुढे काय होईल ते सांगते’, ‘मित्र पडला तर बाईंना बोलावण्याआधी स्वतः धावतो’, असे लिहिले की आईला घरी काय पाहायचे ते कळते आणि पहिलीच्या शिक्षिकेला कुठून हात धरायचा ते कळते. प्रत्येक पत्रकाची एक प्रत त्या शिक्षिकेकडे जाते. मे महिन्यात तिच्याबरोबर एक सकाळ बसून ती सगळी पत्रके आणि चित्रांच्या पिशव्या मी एकेक करून तिच्यापुढे उलगडते. पुढच्या जूनपासून ही मुले तिची असतात.