त्या गुरुवारी हायवे बंद होता

डायलिसिस युनिटमध्ये सगळं घड्याळावर चालतं. एका खुर्चीवर दिवसभरात तीन पेशंट, प्रत्येकाचे साधारण चार तास, आणि मधल्या वेळात मशीन साफ करून पुन्हा तयार ठेवायचं. एक जण लांबला की संध्याकाळच्या शिफ्टपर्यंत सगळ्यांचं वेळापत्रक कोलमडतं. 15 जानेवारी 2015 ला, गुरुवारी, बॉस्टनमधल्या आमच्या युनिटची आठ वाजताच्या पेशंटची खुर्ची रिकामीच राहिली आणि फोनवर फोन यायला लागले. आय-93 हायवे बंद होता.

ऐन ऑफिसच्या वेळेला शहराच्या उत्तरेला मेडफर्डजवळ आणि दक्षिणेला मिल्टनजवळ आंदोलक रस्त्यावर बसले होते. मिल्टनला तर काहींनी काँक्रीट भरलेल्या पिंपांना स्वतःला अडकवून घेतलं होतं. फर्ग्युसनमध्ये मायकेल ब्राऊन आणि न्यूयॉर्कमध्ये एरिक गार्नर हे कृष्णवर्णीय पोलिसांच्या हातून मेले होते, आणि दोन्ही प्रकरणांत पोलिसांवर खटला भरायला ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, नकार दिला होता. त्याचाच हा निषेध. मार्टिन लूथर किंग यांचा जन्मदिवसही त्याच दिवशी असतो.

आठ वाजताच्या पेशंट म्हणजे हैतीहून आलेल्या एक वयस्क बाई, राहायला रँडॉल्फला. तिथे कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती आहे, आणि बॉस्टनला यायचा सरळ रस्ता म्हणजे हाच हायवे. त्या पोचल्या तेव्हा दहा वाजून गेले होते. व्हॅनमधून उतरून वजनकाट्यापर्यंत येईतो त्यांना धाप लागली. ड्राय वेटपेक्षा, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनापेक्षा, तीन किलो जास्त भरलं. घोट्याजवळ बोट दाबलं तर पडलेला खळगा भरून यायलाच तयार नाही. चार्ज नर्स, म्हणजे शिफ्टची प्रमुख नर्स, म्हणाली, अडीच तासांत उरकू या, मागे दुपारचा पेशंट आहे. मला ते पटेना. दुपारच्या पेशंटला फोन करून उशिरा बोलावलं, दोन खुर्च्यांची अदलाबदल केली आणि डॉक्टरांना विचारून पूर्ण चार तास लावले.

शेजारच्या खुर्चीवर एक गोरे गृहस्थ होते, रिटायर्ड मेकॅनिक. टीव्हीवर बातमी आली, की ईस्टनच्या अपघातात जखमी झालेल्या एका म्हाताऱ्या माणसाला बॉस्टनला आणणारी ॲम्ब्युलन्स ब्रॉक्टनला वळवावी लागली. ते भडकले. "आजपर्यंत मला ह्या लोकांबद्दल थोडं तरी वाटायचं. आज तेही संपलं."

बाई डोळे मिटून पडल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "राग मलाही आलाय. जीव घाबरा झाला होता माझा त्या गाडीत. पण ह्याच रस्त्यावर माझ्या नातवाला पोलिसांनी कितीदा बाजूला घेतलंय. तेव्हाही कामावर पोचायला उशीरच होतो त्याला. ते कुठल्या बातमीत येत नाही."

त्यावर ते काही बोलले नाहीत. पण त्यांचा राग खरा होता, आणि असा राग नवा नाही. मे 1964 मध्ये गॅलप या जनमत चाचणी संस्थेने अमेरिकेत विचारलं होतं, की कृष्णवर्णीयांच्या सामूहिक निदर्शनांनी त्यांच्या समतेच्या लढ्याला मदत होईल की नुकसान. 74 टक्के लोक म्हणाले, नुकसान. जुलैत नागरी हक्क कायदा झाला.

माझं माहेर महाडचं. चवदार तळं नगरपालिकेने 1924 मध्येच सर्वांना खुलं केलं होतं, पण कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. त्याच दिवशी त्यांच्यावर हल्ला झाला, नंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि पुढे नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. त्या वर्षी कुणी विचारलं असतं तर आंदोलनाने नुकसानच केलं, असंच उत्तर मिळालं असतं. तळ्यावरचा हक्क मान्य करणारा हायकोर्टाचा निकाल आला 1937 मध्ये.

म्हणून 'लोकांना आवडलं का' ह्या प्रश्नाला मी फारशी किंमत देत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की झळ कुणाला बसली. महाडला लोक तळ्यावरच गेले. अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोची कृष्णवर्णीय कॉलेजची मुलं 1960 मध्ये, त्यांना खायला देत नव्हते त्याच काउंटरवर जाऊन बसली. मिल्टनला मात्र झळ बसली ती रँडॉल्फच्या बाईंना, आणि ज्यांनी निर्णय घ्यायचे त्यांच्या खुर्चीला धक्काही लागला नाही. ही चूक मी लहान मानत नाही.

तरी गडबड करूच नये, हे मी मान्य करणार नाही, कारण अन्याय आमच्या लॅब रिपोर्टमध्येच छापलेला असायचा. किडनीचं काम मोजणाऱ्या सूत्रात पेशंट कृष्णवर्णीय असेल तर आकडा सुमारे 16 टक्क्यांनी वाढवत. म्हणजे किडनी आहे त्यापेक्षा बरी दिसायची. ट्रान्सप्लांटच्या यादीतला वेळ आकडा 20 पर्यंत खाली आला की सुरू होऊ शकतो, त्यामुळे हे लोक यादीत उशिरा यायचे. बॉस्टनच्याच बेथ इस्राएल डिकनेस हॉस्पिटलने 2017 मध्ये ही वाढ बंद केली. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तो प्रश्न लावून धरला होता. बाकीचे बहुतेक ढिम्म. 2020 मध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर देशभर लोक रस्त्यावर उतरले, आणि वर्षानुवर्षं न हलणारी समिती-बैठकांची चक्रं फिरली. 2021 मध्ये नवं सूत्र आलं. 2023 मध्ये, जुन्या सूत्रामुळे गेलेला वेळ कृष्णवर्णीय पेशंटच्या खात्यात परत जमा करायचा नियम लागू झाला.

आमच्या एका पेशंटला तसं पत्र आलं, जवळजवळ दोन वर्षं परत मिळाल्याचं. त्याने ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "मग आता माझा नंबर कितवा?" मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन लावला.