बारा वाजताची पाणीकचेरी

पाटाच्या पाण्याची भांडणं सोडवणारी कचेरी बघायला गुरुवारी पावणेबारालाच स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलबाहेर जाऊन उभा राहिलो, तरी पुढची जागा हुकलीच. कॅथेड्रलच्या 'प्रेषितांचं दार' नावाच्या दारासमोर लाकूड-चामड्याच्या खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या, भोवती कठडा. ना उंच मंच, ना कागदांचे गठ्ठे.

कॅथेड्रलच्या मिकालेत मनोऱ्यावरून बाराचे टोल पडले आणि काळे डगले घातलेले आठ जण येऊन बसले. हे 'सिंदिक', म्हणजे इथले पंच. वकील नव्हेत, शेतकरी. तुरिया नदीच्या आठ पाटांच्या लाभधारकांनी आपल्यातूनच निवडून दिलेले. पाटाला तिथे 'सेकिया' म्हणतात. शब्द मुळात अरबी. पितळी आकडीचा दांडा घेतलेल्या शिपायाने पुकारा केला, "देनुन्सियात्स दे ला सेकिया दे क्वार्त!" म्हणजे क्वार्तच्या पाटावर कुणाविरुद्ध तक्रार असेल त्याने पुढे यावं. कुणी आलं नाही. मग पुढचा पाट, त्याच्या पुढचा. आठही नावं झाली, सिंदिक उठले. तीन-चार मिनिटांत कचेरी बरखास्त! शेजारच्या पर्यटकाचा कॅमेरासुद्धा नीट चालू झाला नव्हता.

मी मात्र खूश होतो. माझे आजोबा पाटाच्या पाळीसाठी रात्र रात्र बांधावर कंदील घेऊन बसायचे. पाणीपाळीचं भांडण दारात मिटलं नाही तर किती वर्षं आणि किती तारखा खातं, ते घरात ऐकतच मोठा झालोय.

इथे तक्रार असलीच तर सगळं तोंडी. पाळी सोडून पाणी घेतलं, शेजाऱ्याच्या शेतात पाणी फुटू दिलं, आपल्या वाटणीचा पाट साफ केला नाही, असे गुन्हे. दोघांनी आपापलं सांगायचं, वकील नाही. बोलायची पाळी कुणाची, ते अध्यक्ष पायाने दाखवतात! भांडण ज्या पाटावरचं, तिथला सिंदिक निकालात भाग घेत नाही. आरोपी नदीच्या एका काठचा असेल तर निकाल सुचवायचा दुसऱ्या काठच्यांनी. निकाल तिथल्या तिथे, वर अपील नाही.

ही कचेरी सन 960 पासून चालते, असं सांगतात. मला 1239 ची सनद जास्त भरवशाची वाटते. आदल्याच वर्षी ख्रिस्ती राजा जाउमेने शहर मुस्लिमांकडून जिंकलं होतं. जमिनी त्याने आपल्या माणसांना वाटल्या, मशिदीच्या जागी पुढे कॅथेड्रल उभं राहिलं; पाण्याबद्दल मात्र सनदेत लिहिलं की ते 'सारासेनांच्या काळी', म्हणजे मुस्लिमांच्या काळी, जसं वापरत तसंच वापरावं. राज्य बदललं, पाळ्या त्याच राहिल्या. मुस्लिम शेतकऱ्यांना चर्चमध्ये पाऊल ठेवता येत नव्हतं म्हणून कचेरी दाराबाहेर भरते, अशीही एक आख्यायिका आहे. खरी असो-नसो, छान आहे. आणि हे नुसतं पर्यटकांसाठी मांडलेलं नाटक नव्हे: स्पेनच्या 1985 च्या न्यायव्यवस्था कायद्यात या कचेरीचं नाव आहे, 2009 पासून ती युनेस्कोच्या वारसा यादीतही आहे.

नंतर चौकातल्या कारंज्यापाशी बसलो. मधे आडवा पहुडलेला पुरुष म्हणजे तुरिया, भोवतीच्या आठ बायका म्हणजे पाट. खरी तुरिया मात्र आता शहरातून वाहत नाही. 1957 च्या पुरानंतर तिला दक्षिणेकडून वळवलं. जुन्या पात्रात आता बाग आहे. संध्याकाळी तिथे गेलो, तर पोरं फुटबॉल खेळत होती.