आमची वाटचाल : कानशीचा आवाज कानशीचाच

२००४ साली शुक्रवार पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही काम सुरू केलं, तेव्हा भांडवल म्हणजे एक मिनीडीव्ही कॅमेरा, एक ट्रायपॉड आणि आमचे भागीदार अण्णा यांचे स्वतःचे दोन माइक. काय करायचं ते ठरलेलं होतं. हातानं काही घडवणाऱ्या माणसांवर आठ ते बारा मिनिटांच्या फिल्म करायच्या. तांबट, तानपुरा करणारे, गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते करणारे. लग्नाची शूटिंग घ्यायची नाहीत, हेही तेव्हाच ठरलं आणि ते आजवर पाळलं आहे.

अण्णा मिरजेचे. ध्वनिमुद्रण हेच त्यांचं काम. त्यांनी पहिल्या दिवशी एक अट घातली: ज्या हाताचं चित्र, त्याच हाताचा आवाज. कानशीच्या चित्राखाली कानशीचाच आवाज लागेल, तोही त्याच दिवशीचा. आमच्या प्रत्येक फिल्मच्या मुळाशी ही अट आहे, आणि आमचं सगळ्यात मोठं नुकसानही हिच्यामुळेच झालं. ती घातली याचा पश्चात्ताप एकदाही झालेला नाही.

पहिली कामं तांबट आळीतली. मठारकामाचं, म्हणजे हातोडीनं भांडं ठोकून घडवण्याचं, ध्वनिमुद्रण ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको, हातोडीचा ठोका लेव्हल, म्हणजे रेकॉर्डरवरची आवाजाची पातळी, खाऊन टाकतो. बोलण्यावर लेव्हल लावली की ठोका फाटतो, आणि फाटलेला ठोका नंतर कशानंही दुरुस्त होत नाही. अण्णा आधी कारागिराला म्हणत, ‘सगळ्यात जोरात मारता तसा एक मारा.’ तो ठोका उणे १२ डेसिबलवर बसवायचा आणि त्याच माइकचा दुसरा ट्रॅक आणखी २० डेसिबल खाली ठेवायचा. आता ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आले आहेत, त्यामुळे रेकॉर्डरमध्ये आवाज फाटण्याची भीती राहिली नाही. पण माइकची स्वतःची मर्यादा तशीच आहे. भांड्यापासून दोन-अडीच फूट तरी मागं राहावंच लागतं.

चित्राचा त्रास वेगळा. घासलेल्या तांब्यात कॅमेरा, कॅमेरामन आणि मागची खिडकी सगळं दिसतं. समोर पांढरं धोतर ताणून त्याला लेन्सपुरतं भोक पाडलं की निम्मं काम होतं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवायचा नाही, कारण भांडं फ्रेममध्ये फिरलं की कॅमेरा तांब्याचा लाल रंग ‘सुधारायला’ जातो आणि तांबं पितळ दिसायला लागतं. ट्यूबलाइट असेल तर २५ फ्रेमला शटर १/५० किंवा १/१०० ठेवावं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लवते. १/६० ला चित्रावर पट्टे फिरताना दिसणारच.

टेपचा एक फायदा आम्हाला फार उशिरा कळला. ६० मिनिटांची टेप संगणकात उतरवायला ६० मिनिटंच लागायची, तासाला सुमारे १३ जीबी. कंटाळवाणं काम होतं. पण उतरवल्यावर टेप कपाटात राहायची, म्हणजे दुसरी प्रत आपोआप तयार. पुढं डीएसएलआर घेतला, कार्डं आली, आणि कार्ड पुसून पुन्हा वापरायची सवय लागली. कपाटातली दुसरी प्रत तिथं संपली. ती संपल्याचं आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही.

२०११ मध्ये मिरजेला तानपुऱ्याची फिल्म सुरू केली. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. तो वेलावरच पुरा वाळावा लागतो, त्यामुळे त्याचा हंगाम चुकला की चित्रीकरण एक वर्ष पुढं. भोपळा कापून आतून साफ करणं, त्यावर तबली म्हणजे लाकडी पाटी बसवणं, दांडी जोडणं, चपडा लाखेचं पॉलिश, हे सगळं टप्प्याटप्प्यानं टिपत गेलो आणि शेवटी जवारीला, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज जुळवण्याला, पोचलो. ते बुजुर्ग कारागीर जवारी लावताना कुणाशी बोलत नसत. कानशीचे दोन हात (घासे) घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, फुंकर, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, तार बाजूला, पुन्हा कानस. घोडीचा माथा इतका हलका उतरता लागतो की कंप पावणारी तार त्याला घासत जाते. त्या घासण्यातून ती गुंजणारी आस, म्हणजे लांबत जाणारा नाद, उभी राहते. कानस एक हात जास्त फिरली तर तार दबते, आवाज बसतो, आणि सगळा माथा पुन्हा सपाट करून पहिल्यापासून सुरुवात.

हे दाखवायचं तर कॅमेरा वरून लावून उपयोग नाही. घोडीच्या उंचीला, आडवा. १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, छिद्र एफ/८, कारण एफ/२.८ ला तार धारदार दिसते आणि घोडी धूसर होते. उजेड एका बाजूनं, अगदी खालून. मग तारेची सावली घोडीवर पडते. तार आणि तिची सावली जिथं एक होतात, तिथं स्पर्श सुरू होतो. कारागीर तारेखालचा दोरा सरकवत आणतो आणि त्या जागेजवळ आला की आवाज उघडतो. सावली, दोरा आणि आवाज तिन्ही एका फ्रेममध्ये मिळाले, तो शॉट ४० सेकंदांचा होता. हॅलोजन दिवे आम्ही लावले नव्हते. त्यांच्या उष्णतेनं तार सैल पडते आणि स्वर उतरतो. कारागिराला वाटतं आपलंच काही चुकलं.

कॅमेऱ्याची फाइल ४ जीबीला, म्हणजे सुमारे १२ मिनिटांना तुटायची. म्हणून दोन कॅमेरे सहा मिनिटांच्या अंतरानं सुरू करायचो. अण्णांचा रेकॉर्डर मात्र अखंड चालू. माइक घोडीपासून दीड फुटावर, रोख तार घोडीला भिडते तिथं, भोपळ्याकडे नाही. भोपळ्याकडे केला तर नुसता घुमारा येतो. पंखा बंद, आणि प्रत्येक बैठकीनंतर रिकाम्या खोलीचा एक मिनिट आवाज.

२०१२ च्या पावसाळ्यात आमची डिस्क गेली. दोन-दोन टीबीच्या दोन डिस्क रेड झिरोमध्ये जोडल्या होत्या, कारण त्यानं संकलन भरभर होतं. रेड झिरोमध्ये प्रत्येक फाइलचे तुकडे दोन्ही डिस्कवर विखुरलेले असतात. एक डिस्क मेली की दुसरीवर उरतो तो चुरा. तानपुरा, गंजिफा आणि तांबट, तीन फिल्मचं ३८ तासांचं फुटेज गेलं. कार्डं केव्हाच पुसून झाली होती. डेटा परत काढून देणाऱ्यांनी सांगितलेला खर्च आमच्या वर्षाच्या उलाढालीएवढा होता, आणि खात्री कुणीच देईना. त्याआधी दोनच महिने मिरजेचे ते बुजुर्ग गेले होते. तो शॉट पुन्हा मिळणार नव्हता.

तीनही फिल्मचे आगाऊ पैसे खर्च झालेले, भाडं थकलेलं. दोघं सहकारी सोडून गेले. त्यांना आम्ही दोष दिला नाही, पगारच देता येत नव्हता.

उरलं होतं ते अण्णांचं कपाट. ते आवाजाचं कार्ड कधीच पुसत नसत. भरलं की कागदात गुंडाळून त्यावर तारीख, गाव आणि माइकचं अंतर लिहून ठेवून द्यायचे. आम्ही त्यांना म्हणायचो, कार्डांवर फार पैसा जातो. मिरजेचे नऊ तास त्या पाकिटांत शाबूत निघाले.

तेव्हा सल्ले आले. बुजुर्गांचा मुलगा तेच काम करतो, त्याचे हात चित्रित करा आणि वडिलांचा आवाज खाली लावा, कुणाला कळणार आहे? आम्ही ते केलं नाही. मुलाच्या कानशीची लय वेगळी होती. वडील दोन हात फिरवून थांबत, तो तीन. ज्याला काम येतं त्याला पहिल्या मिनिटात कळलं असतं, आणि त्याच्यासाठीच तर फिल्म होती. मुलाचं काम मुलाच्या आवाजासकट पुन्हा टिपलं. वडिलांच्या आवाजावर अण्णांनी काढलेली सहा स्थिर छायाचित्रं ठेवली. त्यातले ५० सेकंद पडदा पूर्ण काळा आहे, फक्त कानस, फुंकर आणि तार. फिल्म ११ मिनिटांची झाली.

ही फिल्म घेऊन आम्ही एका संस्थेकडे गेलो. त्यांना हस्तकलांवर १२ फिल्मची मालिका हवी होती. काम मिळालं एका मोठ्या कंपनीला, जिच्यात आमच्याकडून गेलेला एक जण होता. त्यांनी नमुना म्हणून दोन मिनिटांची फिल्म दाखवली होती, विषय तानपुराच. ती आम्ही नंतर फ्रेम-फ्रेम पाहिली. जवारीच्या शॉटमध्ये तारेखाली दोरा नाही, आणि आवाज मात्र पूर्ण उघडलेल्या जवारीचा. बोट मधल्या जोडीच्या तारेवर, ऐकू येतो शेवटच्या तारेचा खर्ज. एका ठिकाणी तर घोडीवर तारा चढलेल्याच नाहीत आणि तानपुरा वाजतो आहे. कुठल्या तरी तयार आवाजांच्या संग्रहातला तुकडा आणून चिकटवला होता. समितीला तो ‘जास्त भावपूर्ण’ वाटला. इतकी वर्षं झाली, तरी हा शब्द आठवला की आमचं डोकं तापतं. काम दुसऱ्याला गेल्याचं दुःख वेगळं. ज्या माणसानं आयुष्य आवाज जुळवण्यात घालवलं, त्याच्या हाताखाली परका आवाज घालणं हा त्याचा अपमान आहे, आणि तो आम्ही अजून विसरलेलो नाही.

आम्हाला उभं केलं ते रविवार पेठेतल्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्यांनी. तांबटांची फिल्म त्यांच्याच पैशांची होती. डिस्क गेल्याचं सांगायला गेलो तेव्हा त्यांनी आगाऊ रक्कम परत घेतली नाही. ‘पुढच्या दिवाळीला द्या,’ म्हणाले, आणि दुसऱ्या फिल्मचे पैसेही त्याच दिवशी दिले. तेव्हापासून दर दिवाळीला त्यांची एक फिल्म असते. फिल्ममध्ये दुकानाचं नाव घाला, असं त्यांनी एकदाही म्हटलेलं नाही.

२०१४ ते २०१९ काम नीट चाललं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तेव्हापासून मिरजेच्या फिल्मची विचारणा पुष्कळ येते.

नव्यानं या कामात येणाऱ्यांना काही गोष्टी सांगतो. कार्ड पुसायचं ते तिसरी प्रत झाल्यावर, आणि प्रत झाली म्हणजे ती उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट वाजवून पाहिल्यावर. नुसतं ओढून टाकू नका, चेकसम जुळवणारं, म्हणजे प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का ते तपासणारं, सॉफ्टवेअर वापरा. दोन डिस्क एकाच खेपेच्या घेऊ नका, त्या एकदमच जाऊ शकतात. एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायला एसएसडी नको, साधी हार्ड डिस्क घ्या आणि सहा महिन्यांनी एकदा चालवा.

कारागिराला दिवसाची पूर्ण मजुरी द्या, कारण तुम्ही गेलात की त्याचं काम निम्म्यावर येतं. त्याच्या कामाचा क्रम मोडू नका. गंजिफा रंगवणारा एक पत्ता पुरा करून दुसरा हातात घेत नाही. दशावतारी संचाचे १२० पत्ते, आधी सगळ्यांची जमीन म्हणजे खालचा रंग, मग पुढचं. ‘आमच्यासाठी एक पूर्ण करून दाखवा’ म्हटलं की तो दाखवतो, पण तो त्याचा हात नसतो. आणि एखादी कृती दाखवायची नाही म्हणाला तर कॅमेरा खाली ठेवा.

अण्णांनी आता काम कमी केलं आहे. पाकिटं मात्र अजून तेच लिहितात. मागच्या दिवाळीची फिल्म त्या व्यापाऱ्यांनी दुकानातच लावली, कामावरची पोरं आणि तांबट आळीतले चौघे जण बोलावून. सुरू करण्याआधी ते स्वतः उठले आणि पंखा बंद केला.