चौथ्या बेडचं तापमान

सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या प्लँटमध्ये चिमणीतून पांढरा धूर दिसला की गावातून फोन सुरू होतात. त्या सकाळी चिमणीवर काहीच दिसत नव्हतं, पण अ‍ॅनालायझरवर सल्फर डायऑक्साइडचा आकडा नेहमीच्या दुपटीपुढे गेला होता. हा वायू डोळ्यांना दिसत नाही, थेट घशाला लागतो. मी लगेच लोड कमी करायला सांगितला.

कंट्रोल रूमच्या बोर्डवर नुकताच लागलेला इंजिनीअर होता. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे जिथे सल्फर डायऑक्साइडचा ट्रायऑक्साइड होतो तिथे, चौथ्या बेडचं (रिअ‍ॅक्शन घडवणाऱ्या कॅटॅलिस्टच्या थराचं) इनलेट तापमान ४२० वरून ४६० अंशांवर गेलेलं त्यानेच दाखवलं. "पण सर, तापमान चढलं तर रिअ‍ॅक्शन जोरात व्हायला हवी ना?"

प्रश्न रास्त होता. वेग वाढतोच. पण डायऑक्साइडचा ट्रायऑक्साइड होताना उष्णता सुटते आणि ही रिअ‍ॅक्शन उलटही चालते. तापमान जितकं चढेल तितका समतोल मागे, म्हणजे डायऑक्साइडकडे, सरकतो. पहिल्या बेडमध्ये वायू ६०० अंशांपर्यंत तापतो आणि रूपांतर साठ-पासष्ट टक्क्यांवर अडतं. तिथे चालून जातं, कारण वायू थंड करून पुढच्या बेडवर घेता येतो. तिसऱ्या बेडनंतर तर आपण तयार झालेला ट्रायऑक्साइड ९८ टक्के अ‍ॅसिडमध्ये शोषून बाजूलाच काढतो, म्हणजे उरलेल्याला पुढे जायला वाट मोकळी. या प्लँटमधली मला सगळ्यात देखणी वाटणारी गोष्ट हीच. पण चौथ्यानंतर चिमणीच. तिथे वायू ४४० अंशांना बाहेर पडला तर बेडमध्ये आलेल्या डायऑक्साइडपैकी दोनेक टक्के उरतो, ४८० ला पाचेक टक्के. त्याला मी हे कागदावर मांडून दाखवलं.

स्क्रीनवर हीट एक्स्चेंजरचा बायपास व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. वर जाऊन पाहिलं तर व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या लिंकेजची पिन निसटलेली, व्हॉल्व्ह जवळजवळ बंद. त्यामुळे थंड वायू मिसळतच नव्हता. फिटरमामांनी पाना लावून व्हॉल्व्ह अर्धा अर्धा आटा उघडायला घेतला.

"एकदम उघडूया का? ३८० वर आणलं तर आणखी चांगलं," तो पोरगा म्हणाला. मी थांबवलं. समतोलाच्या हिशेबाने त्याचं बरोबर होतं, पण आपला व्हॅनेडियमचा कॅटॅलिस्ट ४०० च्या खाली सुस्तावतो आणि मग सगळाच डायऑक्साइड तसाच बाहेर जातो. बेड तापलेला असला की थंड व्हायलाही वेळ घेतो. दुपारी इनलेट ४२५ वर आलं आणि चिमणीचा आकडा मर्यादेत.

तेव्हापासून राउंडवर व्हॉल्व्हची जागा प्रत्यक्ष पाहून नोंदवायची, असं मी लॉगबुकात लिहून ठेवलंय.