ऊसतोडीचा थिसिस : माझा अनुभव

एमडी कम्युनिटी मेडिसिनचा माझा थिसिस ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या रक्तक्षयावर होता, गावं बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली. टोळी निघायच्या आधी एकदा हिमोग्लोबिन बघायचं आणि परत आल्यावर पुन्हा. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) मधलं देशातल्या बायांच्या रक्तक्षयाचं ५७ टक्के प्रमाण धरून सॅम्पल साइज ३७७ बायांची आली, मधेच सुटणाऱ्या २० टक्के धरून ४७२.

एक्सेलमधे महिन्यांचे रंगीत चौकोन भरले आणि वाटलं प्लॅनिंग झालं. पण एथिक्स कमिटीने संमतीपत्र परत पाठवलं आणि ते बरोबरच होतं, सात पानं, भाषा कोर्टाच्या नोटिशीची, शिवाय अंगठा देणाऱ्या बाईसाठी आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ च्या गाइडलाइनप्रमाणे तटस्थ साक्षीदार लागतो आणि मी तिथं चक्क टोळीचा मुकादम धरला होता. ज्याच्याकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलीय त्याच्यासमोर बाई नाही कशी म्हणणार?

टोळ्या दसऱ्याच्या सुमारास निघतात, आणि दुरुस्त्या करून मंजुरी येईपर्यंत दसरा आठ दिवसांवर आला होता. रात्री आठपर्यंत फिरायचे, घरात पत्र्याच्या पेट्या भरणं चाललेलं, अंगणात कोयत्याला धार. एका बाईच्या बोटाला टोचलं, मशीनवर हिमोग्लोबिन ७.४. ८ च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय, १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय सुरू, ती तर नुसती सुरुवातीची रेघ. मी म्हणलं ताई उद्याच दवाखान्यात चला, तर ती म्हणाली, "परवा गाडी हाय, उचल फिटली पायजे, दवाखान्यात कवा जाऊ?" माझ्या प्रोटोकॉलमधे रेफरलची एक ओळ होती, तिला द्यायला मात्र एक दिवससुद्धा नव्हता. त्या रात्री झोप आली नाही.

निम्म्या बायासुद्धा झाल्या नाहीत. गाइड सरांशी बोलून कमिटीकडं प्रोटोकॉल बदलायची अमेंडमेंट टाकली आणि पुढच्या हंगामाचं सगळं दसऱ्यापासून उलटं मोजलं. मंजुऱ्या उन्हाळ्यातच, पहिली फेरी श्रावणात, म्हणजे कमी रक्त निघालं तर उपचाराला दोन महिने मिळतात. फॉलोअपसाठी मी मुकादमाचा नंबर घेणार होते, आशाताईंनी (गावच्या आरोग्य स्वयंसेविका) अडवलं, म्हणाल्या सासूचा घ्या, लेकरं तिच्याकडंच राहतात, सून रोज फोन करते. हे कुठल्या मेथडॉलॉजीच्या पुस्तकात मला सापडलं नसतं.

७.४ वालीला गोळ्या आणि चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. गुढीपाडव्यानंतर तिच्या सासूचाच फोन आला, "सून आली बघा, मशीन घेऊन या."