एचडी डीव्हीडी विरुद्ध ब्ल्यू-रे: हरलेल्या बाजूच्या डिस्कची तपासणी

एचडी डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे हे डीव्हीडीनंतरचे, जास्त स्पष्ट चित्र देणारे डिस्कचे दोन प्रतिस्पर्धी फॉरमॅट; त्यांतली एचडी डीव्हीडी हरली. दोघांचे प्लेअर अखेर एकाच टीव्हीला आणि एकाच रिसीव्हरला (स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्राला) जोडून झाले. एका बाजूला तोशिबाचा पहिल्या पिढीचा एचडी-ए१, दुसऱ्या बाजूला ब्ल्यू-रे. आता कामं दोन. एक म्हणजे दोन्ही फॉरमॅटमध्ये निघालेले तेच सिनेमे आळीपाळीने लावून बघणं. दुसरं म्हणजे संग्रहातली प्रत्येक एचडी डीव्हीडी शेवटपर्यंत वाचली जाते का, ते तपासणं. पहिलं काम बऱ्यापैकी उरकलंय. दुसरं चालू आहे आणि तेच जास्त निकडीचं निघालंय.

आधी ए१बद्दल, कारण हे यंत्र अजब आहे. एप्रिल २००६मध्ये अमेरिकेत ते ४९९ डॉलरला आलं, तेव्हा आतमध्ये चक्क पेंटियम ४ प्रोसेसर, एक जीबी रॅम आणि लिनक्स होतं. म्हणजे प्लेअरच्या खोक्यात घातलेला संगणकच. त्यामुळे बटण दाबल्यावर चहा टाकून यावा इतका वेळ जातो. डिस्क आत गेली की पुन्हा थांबा. पण एकदा चालू झालं की हा गडी बरंच काही करतो. डॉल्बी ट्रूएचडीचा (मूळ दर्जा न गमावता दाबून साठवलेला) आवाज स्वतः उलगडतो, त्यात मेन्यूचे टिकटिक आवाज मिसळतो आणि ऑप्टिकल केबलवर सगळं पुन्हा डीटीएस या दुसऱ्या ध्वनिपद्धतीत बांधून पाठवतो. रिसीव्हरच्या पट्टीवर ‘डीटीएस’ दिसलं म्हणून नव्याने घेणाऱ्यांनी घाबरू नये. डिस्कवर डॉल्बी असली तरी तिथे डीटीएसच दिसणार.

चित्राची गोष्ट जरा खोलात सांगण्यासारखी आहे. ए१ जास्तीत जास्त १०८०आय देतो, १०८०पी नाही; म्हणजे पूर्ण फ्रेम एकदम न पाठवता एकाआड एक ओळींचे अर्धे भाग, ‘फील्ड’, पाठवतो. हे वाचून बरेच जण तोंड वाकडं करतात. पण डिस्कवर सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचाच असतो. प्लेअर त्याच फ्रेम ६० फील्डमध्ये विभागून पाठवतो, एकदा तीन फील्ड, एकदा दोन, अशा चालीत. टीव्हीला ही चाल ओळखता आली तर तो फील्ड जोडून मूळची पूर्ण फ्रेम परत उभी करतो आणि हाती काहीच कमी येत नाही. सेटिंगमध्ये ‘फिल्म मोड’ किंवा त्या अर्थाचं काही असेल ते चालू ठेवा. फरक बघायचा असेल तर खिडकीच्या आडव्या झडपा किंवा कौलारू छप्पर असलेला, कॅमेरा हळूहळू सरकणारा शॉट शोधा. मोड बंद असताना त्या रेषा लवलवतात, जणू कोणीतरी त्यांवरून बोट फिरवतंय. चालू केला की जागच्या जागी स्थिर. मी हे एकाच शॉटवर पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि दरवेळी तेच दिसलं.

आता समोरासमोरची तुलना. इथे लोकांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलेली असते: ब्ल्यू-रेमध्ये जागा जास्त, म्हणून चित्र चांगलं, म्हणून ब्ल्यू-रे जिंकली. जागा जास्त हे खरं. एका थरावर २५ जीबी आणि दोन थरांवर ५०. एचडी डीव्हीडीत १५ आणि ३०. दोघांचा लेझर सारखाच, ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. फरक भिंगात आणि कवचात (माहितीच्या थरावरच्या पारदर्शक आवरणात) होता. ब्ल्यू-रेने भिंगाचं न्यूमरिकल ॲपर्चर, म्हणजे किरण किती रुंद कोनातून एकवटतो ते माप, ०.८५ घेतलं, एचडी डीव्हीडीने ०.६५. ०.८५च्या भिंगाने किरण फार बारीक ठिपक्यावर आणता येतो, पण मग डिस्क किंचित कललेली असली तरी ठिपका बिघडतो. म्हणून माहितीचा थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ, फक्त ०.१ मिलिमीटर खाली आणावा लागला. एचडी डीव्हीडीने डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर खोल थर ठेवला. त्यामुळे डीव्हीडीच्या जुन्या कारखान्यांत थोडे फेरफार करून ती छापता येत होती. उलट ब्ल्यू-रेच्या त्या पातळ कवचाला ओरखड्यांची इतकी भीती की जपानमध्ये २००३ साली आलेल्या पहिल्या रेकॉर्डरच्या डिस्क बंद कार्ट्रिजमध्ये यायच्या. टीडीके कंपनीचा कठीण लेप आला तेव्हा कुठे ती पेटी गेली. २००५मध्ये दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची बोलणी केली, ती मुख्यतः या ०.१ आणि ०.६च्या वादावरच फिसकटली.

पण कागदावरची ही आघाडी पडद्यावर कधी आली? सुरुवातीला तर अजिबात नाही. जून २००६मध्ये सॅमसंगचा पहिला ब्ल्यू-रे प्लेअर अमेरिकेत ९९९ डॉलरला आला. तेव्हाच्या डिस्क एका थराच्या होत्या आणि कित्येकांवर जुनं एमपीईजी-२ कॉम्प्रेशन होतं. समोर ३० जीबीच्या एचडी डीव्हीडीवर व्हीसी-१ हे नवं, कमी जागा घेणारं कॉम्प्रेशन. म्हणजे जास्त जागेची बढाई मारणाऱ्या बाजूकडेच प्रत्यक्षात २५ जीबी आणि त्यात जास्त जागा खाणारा कोडेक (चित्र दाबून साठवण्याची पद्धत). माझ्याकडे त्या पहिल्या महिन्यांतल्या काही ब्ल्यू-रे आहेत. अंधाऱ्या भिंतीवर, धुरात, पाण्याच्या तुषारांत चौकोनी ठिगळं दिसतात. दोन थरांच्या डिस्क त्या वर्षाच्या शेवटाकडे यायला लागल्या आणि मग परिस्थिती पालटली.

सर्वांत बोलकी तुलना वॉर्नरच्या डिस्कची. हा स्टुडिओ बराच काळ दोन्ही फॉरमॅटमध्ये तेच सिनेमे काढत होता आणि बहुतेक वेळा एकच व्हीसी-१ एन्कोड (दाबून तयार केलेलं चित्र) दोन्हीकडे वापरायचा. साहजिकच तो ३० जीबीत मावेल असाच बेतलेला असायचा. मी दोन्ही प्रती एकाच फ्रेमवर थांबवून इनपुट पालटून बघितलं. दाणे तेच, चेहऱ्यावरची छिद्रं तीच, आकाशातल्या रंगांच्या पायऱ्याही त्याच. फरक सापडला तो चित्राबाहेर: एचडी डीव्हीडीच्या प्रतीवर ट्रूएचडीचा आवाज आणि सिनेमा चालू असताना कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीत चालणारी दिग्दर्शकाची टिप्पणी. त्याच सिनेमाच्या ब्ल्यू-रेवर साधी डॉल्बी डिजिटल आणि खिडकी गायब. एचडी डीव्हीडीच्या प्रत्येक प्लेअरला दुसरा व्हिडिओ डीकोडर, नेटवर्क पोर्ट आणि साठवणीची जागा पहिल्या दिवसापासून सक्तीची होती. ब्ल्यू-रेने याच गोष्टी प्रोफाइल १.१ आणि २.० या प्लेअरच्या नव्या मानकांच्या हप्त्यांनी आणल्या. म्हणून म्हणतो, तयार माल म्हणून बघितलं तर २००६-०७मध्ये हरलेली बाजू पुढे होती. शिवाय एचडी डीव्हीडीला रीजन कोड (डिस्क ठरावीक देशांतच चालू देणारं बंधन) नव्हताच, त्यामुळे माझ्या कपाटात कुठल्या देशाची डिस्क आहे याचा विचारच करावा लागत नाही. ब्ल्यू-रेचं ए, बी, सी प्रकरण मात्र डोक्याला ताप आहे.

मग ती हरली कशामुळे, हे आपल्यातल्या बहुतेकांना पाठ आहे, म्हणून भरभर सांगतो. प्लेस्टेशन ३ने नोव्हेंबर २००६पासून घराघरांत ब्ल्यू-रे ड्राइव्ह पोचवला, एक्सबॉक्स ३६०चा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह मात्र १९९ डॉलरला वेगळा घ्यावा लागायचा. ऑगस्ट २००७मध्ये पॅरामाउंट स्टुडिओ फक्त एचडी डीव्हीडीकडे आला तेव्हा पारडं फिरेल असं वाटलं. ४ जानेवारी २००८ला वॉर्नरने फक्त ब्ल्यू-रे जाहीर केलं आणि लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनातली एचडी डीव्हीडी गटाची पत्रकार परिषद रद्द झाली. १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात वर केले. पुढच्याच वर्षी तोशिबा स्वतः ब्ल्यू-रे प्लेअर विकायला लागली, हा त्यातला माझा आवडता भाग.

आता खरं काम. माझ्या काही एचडी डीव्हीडी मधेच अडकायला लागल्या आहेत. ओरखडे नाहीत, बोटांचे ठसे नाहीत, डिस्क आरशासारखी लख्ख. तरीही चित्र थिजतं, चौकोन उडतात आणि प्लेअर मेन्यूवर परततो. सुरुवातीला ए१च्या लेझरवर संशय जाणं साहजिक आहे. पण दुसऱ्या ड्राइव्हमध्येही तीच डिस्क त्याच जागी अडते, म्हणजे दोष डिस्कचा.

तपासायची पद्धत अशी बसवली आहे. एक्सबॉक्सचा तो सुटा ड्राइव्ह यूएसबीने सरळ संगणकाला लागतो. डिस्कवर यूडीएफ २.५ फाइल सिस्टम असते, ती नव्या ऑपरेटिंग सिस्टमला वाचता येते. आत एचव्हीडीव्हीडी_टीएस नावाचा फोल्डर आणि त्यात चित्र आणि आवाज असलेल्या मोठमोठ्या ईव्हीओ फाइल. सिनेमा बघायचा नाही, कॉपी रोखणारं कुलूपही उघडायचं नाही. फाइल जशी आहे तशी पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत वाचायची आणि वेग नोंदवत जायचा. निरोगी डिस्कचा आलेख सपाट किंवा हळूहळू बदलणारा येतो. आजारी डिस्कचा आलेख आधी दातेरी होतो आणि मग वेग शून्यावर आपटतो.

आणि तो कुठे आपटतो ते बघण्यासारखं आहे. दोन थरांच्या डिस्कवर मुख्य सिनेमा बहुधा दोन ईव्हीओ फाइलींत तोडलेला असतो. पहिली फाइल एका थरावर आतून बाहेर जाते, दुसरी दुसऱ्या थरावर बाहेरून आत येते. माझ्या बिघडलेल्या डिस्क जवळपास सगळ्या पहिल्या फाइलीच्या शेवटी नाहीतर दुसरीच्या सुरुवातीला मरतात. म्हणजे सिनेमाच्या ऐन मध्यात, आणि डिस्कच्या अगदी बाहेरच्या कडेला. कीड कडेकडून आत सरकतेय असाच याचा अर्थ मी लावतो. दोन अर्धी एकमेकांना चिकटवलेली असतात, त्या चिकटवणीतून किंवा धातूच्या थरातून हे सुरू होत असावं. डिस्क दिव्याखाली तिरकी धरली तर काहींच्या कडेला फिकट ढगाळ पट्टी दिसते. पण ज्यांत काहीच दिसत नाही अशाही डिस्क अडतात, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, वाचून बघा.

वहीत मी सिनेमाचं नाव दुसऱ्या रकान्यात टाकलंय. पहिल्या रकान्यात मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे डिस्क कुठल्या छपाईची ते सांगणारा. कारण बिघाड सिनेमागणिक नाही, छपाईगणिक येतोय. एकाच सिनेमाच्या दोन प्रती, वेगळ्या क्रमांकाच्या, एक ठणठणीत आणि एक गेलेली, असं घडलं. कोणी जुनी डिस्क विकत घेणार असेल तर विकणाऱ्याकडून कव्हरच्या फोटोऐवजी या कड्याचा फोटो मागवा.

कॉम्बो डिस्क, म्हणजे एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी, यांची तपासणी आत्ता हातात घेतली आहे. यांत कुठल्याच बाजूला पूर्ण लेबल नसतं, त्यामुळे कडा दोन्हीकडून बघता येते, ही सोय. दोन्ही बाजू स्वतंत्र वाचतोय. आतापर्यंत जिथे एचडीची बाजू अडली तिथे डीव्हीडीची बाजू बिनबोभाट चालली आहे. डीव्हीडीच्या खाचा मोठ्या आणि ओळींतलं अंतर ०.७४ मायक्रॉन, एचडी डीव्हीडीचं ०.४०, त्यामुळे तेवढंच नुकसान तिला सोसत असेल. पण दोन्ही अर्ध्यांची छपाई वेगळी असते, म्हणून एवढ्यावर ठाम बोलत नाही. ज्यांच्याकडे कॉम्बो असतील त्यांनी दोन्ही बाजूंचे मॅट्रिक्स क्रमांक आणि ईव्हीओ कुठे अडते ते लिहून ठेवावं. पुढच्या नोंदीत माझा पूर्ण तक्ता टाकतो, तेव्हा पडताळून बघता येईल.