वाऱ्याने रचलेला बर्फ

दोन दिवस आभाळातून बर्फाचा कणही पडला नव्हता. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, तेव्हा आम्हा चौघांना वाटलं, आता उतारावरचा बर्फ बसून स्थिर झाला असेल. निघण्यापूर्वी प्रत्येकाचा बीकन, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणारं यंत्र, तपासला, चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला कातडी लावली आणि चढायला लागलो. गाईड सर मात्र सारखे डोंगराच्या धारेकडे बघत होते. तिथून पांढरा धूर निघावा तसा बर्फ उडत होता.

"वारा आहे तोवर पलीकडे बर्फ पडतोच आहे असं समजा," ते म्हणाले.

वारा ताशी साधारण 25 किलोमीटरच्या पुढे गेला की सुटा बर्फ उचलू लागतो. वाऱ्याच्या समोरचा उतार खरवडून तो सगळा माल धारेपलीकडे आडोशाला नेऊन टाकतो, आणि तिथली जाडी आभाळातून पडणाऱ्या बर्फाच्या दहापट वेगानेही वाढू शकते. वाटेत कण एकमेकांवर आपटून बारीक होतात, घट्ट बसतात, त्यांची लादी तयार होते. खाली जुना ठिसूळ थर असला तर ती लादी एका माणसाच्या वजनानेही सुटते. आम्हाला जो गुळगुळीत, भरलेला उतार खुणावत होता, तो नेमका असाच होता.

धारेवर पोहोचलो तेव्हा कडेपासून बरंच मागे थांबायचं होतं. वाऱ्याने बाहेर काढलेली बर्फाची पडवी आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप मागून तुटते. एका खोलगट जागेतून पलीकडे उतरायची वाट होती. सरांनी काठीने ठोकून पाहिलं, आवाज पोकळ आला, ढोलासारखा. ते दोन पावलं पुढे सरकले आणि त्यांच्या स्कीच्या टोकापासून एक भेग सरळ पुढे धावत गेली. पायाखाली दबका 'धप्प' असा आवाज झाला. तो मी अजून विसरलेलो नाही. कोन मोजला तर 36 अंश. लादी सुटून होणारी बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावरच होतात.

कुणी वाद घातला नाही. आल्या वाटेनेच परतलो, 30 अंशांपेक्षा सौम्य उतार धरून, डोक्यावर तीव्र उतार येणार नाही हे बघत.

खाली सपाटीवर सरांनी एक बीकन पिशवीत घालून पुरला आणि आम्हाला शोधायला लावला. बीकन, प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं, सगळं जवळ होतं, तरी पिशवी हाती यायला 11 मिनिटं लागली. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ नुसता खणण्यात गेला. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता खूप असते, पुढे ती झपाट्याने घसरते. बाहेरची मदत तेवढ्यात येत नाही. म्हणून आम्ही पुन्हा पुरलं, पुन्हा शोधलं, अंधार पडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आमची सुट्टी संपली. तो उतार न करताच परत आलो.